टोलनाक्यावरच्या रांगेतून प्रोग्रामिंगचा 'क्लास' सापडला, अन् तो शोधणारा माणूस पुढं थेट कामगार युनियनकडं गेला

इंजिनिअरिंगच्या कुठल्याही कॉलेजात जा, कॉम्प्युटरच्या ओरलमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. क्लास आणि ऑब्जेक्ट यात फरक काय?

पोरं पाठ केलेलं उत्तर देतात. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून निघालेली वस्तू. मोदकाचा साचा एक, मोदक एकवीस. समोरचे सर मान हलवतात, मार्क पडतात, विषय संपतो.

पण हा साचा पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आला?

तर यासाठी जावं लागतं नॉर्वेला, १९६० च्या दशकात. तिथल्या दोघांनी मिळून क्लास, सबक्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना जगातल्या पहिल्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत बसवल्या. त्यातल्या एकाचं नाव ओले-योहान डाल. दुसऱ्याचं नाव क्रिस्टन न्यूगॉर्ड.

ही गोष्ट न्यूगॉर्डची आहे. कारण जगाचा नकाशा कॉम्प्युटरमध्ये कसा मांडायचा हे शोधल्यावर या गड्याला पुढचा प्रश्न पडला. हा नकाशा काढतंय कोण, अन् त्यात अडकतंय कोण?

फासे टाकून अणुभट्टीचं गणित

न्यूगॉर्डचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ चा, गाव ओस्लो. शिक्षण ओस्लो विद्यापीठात, विषय गणित.

नॉर्वेत तरुणांना सक्तीची सैनिकी सेवा करावी लागायची. १९४८ मध्ये न्यूगॉर्ड तिथल्या संरक्षण संशोधन संस्थेत दाखल झाला. त्यावेळी नॉर्वे आपली पहिली अणुभट्टी उभारत होता, शेलर नावाच्या ठिकाणी. त्या भट्टीत युरेनियमच्या कांड्या किती जाडीच्या ठेवायच्या, हे गणित सोडवायचं काम सुरू होतं.

नेहमीच्या पद्धतीनं ते गणित काही केल्या आटोक्यात येईना.

मग न्यूगॉर्डनं मोंटे कार्लो पद्धत वापरली. म्हणजे काय, तर समीकरण सोडवत बसायचं नाही. एक न्यूट्रॉन घ्यायचा, तो कुठं जाईल, कशावर आदळेल हे फासे टाकल्यासारखं ठरवायचं. मग दुसरा न्यूट्रॉन, मग तिसरा. असं पुन्हा पुन्हा केलं की खऱ्या भट्टीत काय होईल याचा अंदाज बांधता येतो. अन् ही सगळी आकडेमोड हातानं करायची, कारण कॉम्प्युटर नव्हताच.

यालाच म्हणतात सिम्युलेशन. खरी गोष्ट घडायच्या आधी तिची नक्कल कागदावर चालवून बघायची.

त्यानंतर तो ऑपरेशनल रिसर्चकडं वळला. सैन्यातली, कारखान्यातली कामं कशी चालतात, कुठं रांग लागते, कुठं माणूस रिकामा बसतो हे गणितानं तपासायचं, असं ते शास्त्र. इथं मात्र वेगळीच अडचण आली. न्यूट्रॉनचं वागणं चार नियमात बसतं, पण कारखान्यात माणसं असतात, मशीन असतात, माल असतो, वेळापत्रक असतं. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं. अशा कामाचं वर्णन करायला भाषाच नव्हती.

१९६० मध्ये न्यूगॉर्डनं संरक्षण संस्था सोडली आणि ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आला. डोक्यात एकच विषय घेऊन. अशी भाषा बनवायची जी माणसाला वाचून कळेल आणि कॉम्प्युटरला चालवताही येईल.

डाल भेटला, अन् जोडी जमली

न्यूगॉर्डकडं कल्पना होत्या, पण भाषा बनवायची म्हणजे तिचा कंपायलर लिहायला लागतो. आपण लिहिलेलं मशीनला कळेल अशा रूपात आणणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. त्या कामाचा पक्का माणूस होता ओले-योहान डाल. जन्म १९३१ चा, म्हणजे न्यूगॉर्डपेक्षा पाच वर्षांनी लहान. दोघांची ओळख संरक्षण संस्थेतलीच.

स्वभाव मात्र दोन टोकांचे. न्यूगॉर्ड उंचापुरा, बोलका, सभा गाजवणारा. डाल शांत, अबोल, पियानो वाजवणारा. १९६२ मध्ये दोघांनी सिम्युला नावाच्या भाषेवर काम सुरू केलं आणि १९६३ मध्ये डालही कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आला.

सुरुवातीला लोकांनी काय म्हणावं? कुणी म्हणायचं अशा भाषेचा उपयोग नाही. कुणी म्हणायचं उपयोग आहे, पण ते आधीच कुणीतरी केलंय. कुणी म्हणायचं तुमच्या कल्पनेत दम नाही. अन् काहींचं म्हणणं होतं की असली कामं मोठ्या, पैसेवाल्या देशांनी करायची, नॉर्वेसारख्या छोट्या देशानं नाही.

न्यूगॉर्डनं यावर वाद घालत बसण्यापेक्षा सौदा केला.

१९६२ मध्ये तो अमेरिकेत गेला होता. तिथं युनिव्हॅक कंपनीला युरोपात आपले मोठे कॉम्प्युटर विकायचे होते. बोलणी अशी झाली की युनिव्हॅक ११०७ हे मशीन ओस्लोला अर्ध्या किमतीत मिळालं, बदल्यात नॉर्वेच्या टीमनं त्यासाठी सॉफ्टवेअर बनवायचं. त्यातच सिम्युलाचं काम होतं. ऑगस्ट १९६३ मध्ये मशीन आलं आणि १९६४ संपता संपता सिम्युलाची पहिली आवृत्ती त्यावर चालायला लागली.

काउंटर हलतो की गिऱ्हाईक?

आता थोडं थांबून भाषेत नेमकं काय होतं ते बघू.

एअरपोर्टचा विचार करा. काउंटर आहेत, प्रवासी आहेत. सुरुवातीला न्यूगॉर्डच्या डोक्यात चित्र असं होतं की काउंटर काम करतो आणि गिऱ्हाईक गुपचूप एका काउंटरवरून दुसऱ्याकडं ढकललं जातं. काउंटर सक्रिय, गिऱ्हाईक निष्क्रिय.

पण उलटंही बघता येतं. प्रवाशाचं स्वतःचं ठरलेलं आहे. आधी तिकीट दाखवायचं, मग सामान द्यायचं, मग गेट गाठायचं. त्याच्या नजरेनं बघितलं तर काउंटर नुसता उभा आहे आणि हालचाल प्रवासीच करतोय.

दोन्ही चित्रं बरोबर. मग भाषा कुणाच्या बाजूनं लिहायची?

डाल आणि न्यूगॉर्डनं दोघांनाही एकाच पातळीवर आणलं. काउंटर असो की प्रवासी, प्रत्येकाकडं स्वतःची माहिती असेल आणि स्वतःची कामंही असतील. त्याआधी प्रोग्राम म्हणजे वरून खाली चालणारी हुकमांची यादी असायची, माहिती एकीकडं अन् काम दुसरीकडं. इथं दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलं गेलं. आज आपण ज्याला ऑब्जेक्ट म्हणतो ते हेच गाठोडं.

टोलनाक्यावर गाडी अडली

पण पहिल्या सिम्युलात एक गोष्ट खटकत होती.

दोघांसमोर एक उदाहरण होतं. पुलावरचा टोलनाका. नाक्यावर रांग. रांगेत ट्रक आहेत, बस आहेत.

ट्रकला वजन असतं, माल असतो. बसमध्ये प्रवासी असतात. दोन्ही वेगळ्या. पण दोन्हीला नंबर प्लेट आहे, दोन्ही टोल भरतात, दोन्ही रांगेत उभ्या राहतात. मग ट्रकसाठी सगळं एकदा लिहायचं आणि बससाठी तेच पुन्हा लिहायचं? उद्या कार आली तर तिसऱ्यांदा?

अन् रांगेचं काय? रांगेत उभं राहणं ही काही फक्त गाड्यांची गोष्ट नाही. दवाखान्यात पेशंट रांगेत असतात, गोदीत जहाजं रांगेत असतात. रांगेत उभं राहायची कला एकदाच लिहून ती हव्या त्या वस्तूला कशी देता येईल?

त्याच काळात ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी माहितीच्या नोंदी आणि त्यांचे उपप्रकार कसे मांडावेत याबद्दल विचार मांडला होता. १९६६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासवर्गात होअर यांनी त्यावर व्याख्यानं दिली. दिशा सापडली होती, पण होअर यांच्या मांडणीत टोलनाका पूर्ण बसत नव्हता.

डिसेंबर १९६६ मध्ये उत्तर सापडलं.

उत्तर असं की थरावर थर चढवायचे. सगळ्यात आतला थर, रांगेत उभं राहता येण्याचा. त्यावर दुसरा थर, वाहन असण्याचा, ज्यात नंबर प्लेट अन् टोल आला. त्यावर तिसरा थर, ट्रक असण्याचा किंवा बस असण्याचा. आतल्या थरात जे लिहिलंय ते बाहेरच्या थराला आपोआप मिळतं. ट्रक लिहिताना फक्त ट्रकचं वेगळेपण लिहायचं, बाकी सगळं वारशानं येतं.

या प्रत्येक थराला त्यांनी नाव दिलं क्लास. वरच्या थराला सबक्लास. आज कॉलेजात ज्याला इनहेरिटन्स म्हणतात, तो हाच वारसा.

अजून एक गंमत होती. टोल घे हा हुकूम सगळ्या वाहनांना एकच, पण रक्कम ट्रकला वेगळी, बसला वेगळी. नाक्यावरच्या माणसानं प्रत्येक गाडी ओळखून वेगळा हुकूम सोडायची गरज नाही. हुकूम एकच सोडायचा, उत्तर कसं द्यायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. सिम्युलात याला व्हर्च्युअल प्रोसिजर म्हणलं गेलं. सी प्लस प्लस शिकलेल्यांना व्हर्च्युअल हा शब्द ओळखीचा वाटेल, त्याचं मूळ इथं आहे.

इथंच क्लासमधली दोन मुख्य नातीही स्पष्ट होतात. ट्रक हे एक वाहन आहे, हे झालं प्रकाराचं नातं. रांगेत वाहनं आहेत, हे झालं सोबतीचं नातं. रांग म्हणजे काही वाहनाचा प्रकार नाही. सॉफ्टवेअर डिझाईन करताना आजही पहिली चूक होते ती इथंच, दोन नात्यांची गल्लत करण्यात. एकदा ती झाली की पुढं सगळा प्रोग्राम वाकडा जातो.

भांडण नव्हे, चर्चा

कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये एक किस्सा फेमस होता. १९६७ मध्ये तिथं नव्यानं नोकरीला लागलेली एक व्यक्ती घाबरून टेलिफोन ऑपरेटरकडं गेली. वरच्या मजल्यावर फळ्यासमोर दोन माणसं जोरजोरात भांडतायत, आता काय करायचं, असं विचारू लागली. ऑपरेटरनं क्षणभर कान दिला आणि समजावलं की काळजीचं कारण नाही, डाल आणि न्यूगॉर्ड सिम्युलावर चर्चा करतायत.

त्याच वर्षी मे महिन्यात ओस्लोजवळ लीसेबू इथं एक आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथं दोघांनी क्लास आणि सबक्लासवरचा निबंध मांडला. भाषेचं नाव पडलं सिम्युला ६७.

पुढं ही कल्पना कुठं कुठं गेली बघा.

अमेरिकेत युटा विद्यापीठात ॲलन के नावाचा विद्यार्थी १९६६ मध्येच पहिल्या सिम्युलाच्या प्रेमात पडला होता. त्यानं पुढं आपल्या सहकाऱ्यांसोबत स्मॉलटॉक ही भाषा घडवली. डेन्मार्कचा बियार्न स्ट्रूस्ट्रुप केंब्रिजमध्ये पीएचडी करताना सिम्युला वापरायचा. ती त्याला आवडायची, पण मोठं काम दिलं की फार सावकाश चालायची. १९७९ मध्ये बेल लॅबमध्ये गेल्यावर त्यानं वेगवान सी भाषेला सिम्युलाचे क्लास जोडले. त्याचंच पुढं सी प्लस प्लस झालं. १९९५ मध्ये जावा आली. चौकोन काढून, रेघा मारून क्लासची नाती दाखवायची यूएमएल ही पद्धत १९९७ मध्ये अधिकृत ठरली.

म्हणजे आज तुमच्या मोबाईलमधल्या बहुतेक ॲपच्या पोटात कुठंतरी त्या टोलनाक्याची सावली आहे.

एखादा दुसरा असता तर इथंच सुखानं रिटायर झाला असता. न्यूगॉर्डचं तसं झालं नाही.

नकाशात माणूस कुठंय?

सिम्युलाचा वापर वाढला तसं न्यूगॉर्डच्या लक्षात एक गोष्ट आली. कारखान्याचं मॉडेल बनवायला कोण सांगतं? मॅनेजमेंट. त्या मॉडेलवरून निर्णय कोण घेतं? मॅनेजमेंट. अन् त्या मॉडेलमध्ये ऑब्जेक्ट म्हणून कोण असतं? कामगार.

मॉडेल बनवताना काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे बनवणारा ठरवतो. लेथवर काम करणाऱ्या माणसाचा वेग मॉडेलमध्ये येतो. त्याचं कसब, शेजारच्याशी असलेलं त्याचं बोलणं, मशीनचा आवाज बदलला की त्याला लागणारी चाहूल, हे मॉडेलमध्ये येत नाही. अन् जे मॉडेलमध्ये येत नाही ते पुढं कामातूनही गायब होतं. काम कंटाळवाणं होतं, माणूस एकटा पडतो, त्याच्या ज्ञानाची किंमत उरत नाही.

आपण बनवलेलं अवजार याच कामाला लागतंय, हे न्यूगॉर्डला दिसत होतं.

मराठीत गंमत अशी की क्लासला आपण वर्गच म्हणतो. प्रोग्राममधला वर्गही वर्ग, अन् कामगार वर्गही वर्ग. न्यूगॉर्डच्या आयुष्यात हे दोन वर्ग समोरासमोर आले.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनसोबत काम सुरू केलं. सरकारी संशोधन परिषदेचा पैसा होता. प्रश्न असा की कारखान्यात कॉम्प्युटर येतायत, त्याबद्दल युनियननं काय करावं?

सुरुवातीचा बेत नेहमीसारखाच होता. संशोधक अभ्यास करणार, मुलाखती घेणार, रिपोर्ट लिहिणार. थोड्याच दिवसात लक्षात आलं की असा रिपोर्ट कपाटात जाऊन बसणार आणि कामगाराच्या हाताला काहीच लागणार नाही.

मग न्यूगॉर्डनं सगळी योजनाच बदलली. संशोधनाचं फलित म्हणजे रिपोर्ट, ही व्याख्याच त्यानं मोडून काढली. या कामामुळं युनियननं जी पावलं उचलली ती पावलं म्हणजेच फलित, असं ठरलं. चार कारखान्यातल्या कामगारांचे गट बसले. आपल्या कारखान्यात कुठली सिस्टीम येतेय, ती आपल्याला काय देईल, आपलं काय काढून घेईल, हे त्यांनी स्वतः शिकायला घेतलं. त्यांच्यासाठी कामगाराच्या भाषेत पुस्तकं तयार झाली.

याचा परिणाम कागदावर उमटला. १९७५ मध्ये नॉर्वेच्या कामगार महासंघात आणि मालकांच्या महासंघात देशपातळीवर करार झाला. नवीन कॉम्प्युटर सिस्टीम आणायची असेल तर कामगारांना आधी कळवायचं, समजेल अशा भाषेत सांगायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं. त्यासाठी कामगारांचा वेगळा प्रतिनिधीही नेमता येऊ लागला.

जो सिस्टीम वापरणार त्याला ती बनवतानाच सोबत घ्यायचं, ही पद्धत पुढं स्कँडिनेव्हियन पद्धत म्हणून जगभर शिकवली गेली. आज कंपन्या ॲप बनवायच्या आधी वापरणाऱ्यांना बोलावून विचारतात. त्यामागच्या विचाराचं एक मूळ या कारखान्यांमध्ये आहे.

शेवटपर्यंत गडी बसला नाही

न्यूगॉर्ड पुढं डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठात आणि मग ओस्लो विद्यापीठात प्राध्यापक झाला. सहकाऱ्यांसोबत त्यानं डेल्टा नावाची भाषा बनवली. ती कॉम्प्युटरवर चालवण्यासाठी नव्हतीच, एखादी व्यवस्था कशी चालते हे माणसांनी एकमेकांना सांगावं यासाठी होती. नंतर डेन्मार्कच्या सहकाऱ्यांसोबत बीटा ही भाषा आली.

राजकारणातही तो होताच. आधी उदारमतवादी पक्षात, मग मजूर पक्षात. १९९० च्या दशकात नॉर्वेनं युरोपियन युनियनमध्ये जायचं का, हा वाद पेटला. जाऊ नये म्हणणाऱ्या आंदोलनाचा अध्यक्ष होता न्यूगॉर्ड. २८ नोव्हेंबर १९९४ ला सार्वमत झालं आणि ५२ टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांनी नको म्हणून सांगितलं. नॉर्वे आजही युरोपियन युनियनमध्ये नाही. तो निर्णय बरोबर की चूक यावर नॉर्वेत आजही दोन मतं आहेत. पण साठी पार केलेला कॉम्प्युटर शास्त्राचा प्राध्यापक गावोगावची माणसं जोडत आंदोलन चालवतो, हे चित्र त्याच्या आयुष्याशी जुळणारंच होतं.

कॉम्प्युटर जगाला मात्र दोघांची आठवण जरा उशिराच झाली. कॉम्प्युटर शास्त्रातलं नोबेल समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार डाल आणि न्यूगॉर्डला २००१ सालासाठी मिळाला, जाहीर झाला २००२ मध्ये. टोलनाक्याचं कोडं सुटून तोपर्यंत ३५ वर्षं झाली होती.

२९ जून २००२ ला डाल गेला. बरोबर सहा आठवड्यांनी, १० ऑगस्टला, हृदयविकाराच्या झटक्यानं न्यूगॉर्डही गेला. ७६ वा वाढदिवस १७ दिवसांवर होता.

आज ओस्लो विद्यापीठात दोघांच्या नावाच्या दोन इमारती आहेत. एकीला डालचं नाव, दुसरीला न्यूगॉर्डचं. फळ्यासमोर भांडणारी जोडी आता शेजारी म्हणून उभी आहे.

ओरलला जाणाऱ्या पोरांनी साच्याचं उत्तर जरूर द्यावं, मार्क त्यालाच आहेत. पण उद्या कंपनीत बसून एखाद्या डिलिव्हरी बॉयचा, नर्सचा किंवा शेतकऱ्याचा क्लास लिहायची वेळ आली, तर आधी जाऊन त्या माणसाला विचारावं की तुझ्या कामात नेमकं काय काय येतं. क्लास शोधणाऱ्या माणसानंही शेवटी तेच केलं होतं.